बाहेरचं बल

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझी बायको हेमलता जेवणाच्या टेबलावरून उठली आणि त्यानंतर थांबली नाही. ती चालत नव्हती, पाय उचलत नव्हती. उभी होती तशीच सरकत होती, स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून गॅलरी, अगदी नाकासमोर. वेग ताशी दहा सेंटिमीटर. एक फरशी ओलांडायला तिला सहा तास लागत होते, आणि टेबलापासून गॅलरीच्या कडेपर्यंत बारा फरश्या होत्या. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीचं रेलिंग गंजलं म्हणून सोसायटीनं ते काढून वेल्डिंगला नेलं होतं आणि त्या जागी सुतळी बांधली होती.

मी फलटणच्या एका ज्युनियर कॉलेजात अठ्ठावीस वर्षं फिजिक्स शिकवतो, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. गतीत असलेली वस्तू बाहेरून बल लागेपर्यंत सरळ रेषेत जात राहते, हे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो. मला राग आला. नऊला लेक्चर होतं, चहा उतू जात होता, आणि तिनं हे सगळं नेमकं त्याच दिवशी काढावं.

सुरुवातीचा धक्का कशानं बसला हे मला माहीत होतं. हेमलताला बीपी आहे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज सकाळी मी तिच्या दंडाला पट्टा बांधतो, मशीन बघतो आणि वहीत आकडा लिहितो. त्या मंगळवारी तिनं मशीन उलटं करून मागचं झाकण उघडलं. आतले सेल फुटून हिरवे झाले होते, कमीत कमी महिन्याभरापूर्वीच. मग तिनं वही उघडली. महिनाभर रोज १२०/८०, माझ्या सुवाच्य अक्षरात. तिनं वही मिटली, ती उठली आणि निघाली.

मी फसवायला लिहीत नव्हतो, हे सांगायला पाहिजे. आमच्या लॅबमध्ये असंच चालतं. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाच्या जीची किंमत ९८० यायला हवी, म्हणून आम्ही आधी ९८० लिहितो आणि मग उलटं जात झोके किती सेकंदांचे झाले ते ठरवतो. दोरा मोजायची गरज पडत नाही. बाहेरून परीक्षक येतात, ९८० बघतात, मान डोलावतात. तेही त्यांच्या कॉलेजात हेच करतात. पोरं पास होतात. १२०/८० हा चांगला आकडा आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

दुपारपर्यंत ती एक फरशीसुद्धा पुढे गेली नव्हती. मी वाटेतला टीपॉय बाजूला घेतला. तिला पोळीभाजी भरवली, ती तिनं निमूट खाल्ली. समोरच्या दोशीकाकू विरजण मागायला आल्या. त्यांनी हेमलताकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं.

"निघालात का वहिनी?" त्यांनी विचारलं.

"जाते," हेमलता म्हणाली.

"जाते नाही म्हणू. येते म्हणावं."

हेमलता सरकत राहिली. काकू विरजण घेऊन गेल्या. तेव्हा पहिल्यांदा मी सुतळीपर्यंतच्या फरश्या मोजल्या.

मी तिचा हात धरून ओढला. ती होती तशीच राहिली, मीच तिच्याकडे ओढला गेलो. पुढे उभा राहून छातीनं अडवलं, तर पाठीमागे सरकत गेलो, तिच्याच वेगानं. शेवटी मी आमच्या लॅबच्या बाबरमामांना फोन केला. त्यांनी कॉलेजची मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच आणलं, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"सर, बाहेरचं बल लागतं," ते म्हणाले. "तुम्ही तर घरातलेच."

"मग तुम्ही अडवा."

"मी आत पाऊल टाकलं की मीपण आतलाच."

त्यांनी पट्टी आणि घड्याळ उंबऱ्यावर ठेवलं आणि चपला घालून निघून गेले. मामांचं म्हणणं बरोबर होतं. तेवीस वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस.

बुधवारी सकाळी मी पट्टीनं मोजलं. गॅलरीच्या कडेपर्यंत चार मीटर ऐंशी सेंटिमीटर उरले होते. हा आकडा मला अजिबात आवडला नाही. कड ओलांडल्यावर ती सरळच जात राहील की खाली पडेल, हे मला सांगता येईना. पडली तर किती वेगानं, तेही. मी आयुष्यात एकदाही जी मोजला नव्हता. मी वहीचं नवं पान काढलं आणि हाताच्या सवयीनं लिहिलं, सहा मीटर ऐंशी.

हॉल दोन मीटरनं लांब झाला. आवाज वगैरे काही झाला नाही. सोफ्यापलीकडे सव्वातीन नव्या फरश्या आल्या आणि थोडी ज्यादाची भिंत, तिला तोच फिकट पिवळा रंग. मी खूश झालो. मग बेडरूममध्ये गेलो, तर बेडरूम दोन मीटरनं आखूड झाली होती आणि पलंग उभा राहिला होता. हेही बरोबरच होतं. नवीन काही तयार होत नाही, असलेलं इकडून तिकडे जातं.

गुरुवारी मी नऊ मीटर लिहिलं, दुपारी बारा, संध्याकाळी चौदा. बेडरूम संपली. मग न्हाणीघर गेलं, मग स्वयंपाकघराची ओट्यापर्यंतची बाजू. कॉलेजातून रजेच्या अर्जासाठी फोन आला तेव्हा मी कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत होतो. वही उघडून धरली की दोन्ही कोपरं घासत होती. पाण्याचा माठ घ्यायला मला आडवं सरकावं लागे. तरी मी लिहीत राहिलो. लिहिताना छातीत धडधडायचं, लिहून झालं की थोडं थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

शुक्रवारी पहाट झाली तेव्हा मी वीस लिहिलं. घरात घ्यायला काही उरलंच नव्हतं, म्हणून या वेळी ते माझ्यातून गेलं. पँट कमरेवरून घसरली. पट्ट्याला चाकूनं नवीन भोक पाडावं लागलं. वजनकाटा पायाशीच होता, त्यावर चढलो. एकाहत्तरचे अठ्ठावन्न झाले होते.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला हेमलता चण्याएवढी दिसत होती. तिचा आवाज यायला वेळ लागला.

"अहो, खरं किती राहिलंय?"

"भरपूर आहे," मी ओरडलो. "काळजी करू नकोस."

मग उत्तर आलं, "वहीत काय लिहिलंय ते नाही विचारलं."

मला रडू आलं. बावीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला दुसरं काही फारसं मागितलं नव्हतं, आणि हेही मी तिला देत नव्हतो. मी पेन घेतलं आणि पानावरचे सगळे आकडे खोडले, खालून वर, एकेक करत.

हॉल मिटला. स्वयंपाकघर आलं, न्हाणीघर आलं, बेडरूममध्ये पलंग दाणकन आडवा झाला. माझं गेलेलं मात्र परत आलं नाही. हेमलता गॅलरीत होती, पदर सुतळीजवळ. मी तिच्या पायांशी गुडघे टेकून पट्टी लावली, डोळा सरळ रेघेवर आणला आणि वाचलं. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दहा सेंटिमीटर," मी म्हणालो. "एक तास."

"हं," ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "तुमचं वजन किती झालंय?"

"अठ्ठावन्न."

"माझंही अठ्ठावन्न. दवाखान्यात केलं होतं." तिनं माझ्या पट्ट्यावरचं नवं भोक पाहिलं. "आम्ही वाईला गोट्या खेळायचो. मारलेली गोटी सारख्या वजनाच्या गोटीला नेमकी समोरून लागली, की जागीच थांबते."

"आणि दुसरी?"

"तुम्ही फिजिक्सचे ना."

मी सुतळी सोडली. गॅलरीच्या बाहेर कुंड्यांसाठी वीतभर रुंदीचा सज्जा आहे. त्यावर उतरलो, तिच्याकडे तोंड केलं, टाचा कडेवर आल्या. खाली दोशीकाकूंची स्कूटर उभी होती आणि कोणीतरी अंगणात सडा घालत होतं. मला भीती वाटत होती, पण ही भीती हेमलताच्या वाट्याला येण्याआधी माझ्या वाट्याला आली याचं बरं वाटलं. मी आता घरातला नव्हतो. स्टॉपवॉच मी तिच्या डाव्या हातात दिलं, वही तिच्या काखेत खोचली, आणि माझा तळवा समोर धरला; तिनंही उजवा पुढे केला.

"माझा हात पकडायचा नाही," मी तिला सांगितलं. "पकडलास तर दोघंही जाऊ."

"माहीत आहे."

आम्ही तासभर तसेच उभे होतो. मी तिच्या पायांकडे बघत होतो आणि ती माझ्या चेहऱ्याकडे. आठ वाजून दहा मिनिटांनी तिचा तळवा माझ्या तळव्याला लागला. ऊबदार होता, थोडा खरखरीत. ती थांबली. इतकी पूर्ण थांबली की तिचा पदरसुद्धा हलेनासा झाला.

माझ्या टाचा सज्ज्यावरून सुटल्या, मग चवडे. तिचा अंगठा बटणावर होता, आणि ओठ घट्ट मिटलेले.

"जे दिसेल तेच लिही," मी म्हणालो.

तिनं बटण दाबलं.