कुणी कुणी तोंड पाहिलं

१. रुग्णाच्या खोलीत गेल्याची तारीख व वेळ

मंगळवार, सकाळी दहा. इथवर पेन अडलं नाही.

ती छातीचे व्यायाम करून घेणारी. रक्ताच्या आजाराच्या वॉर्डात नऊ खोल्या, नऊ माणसं. औषधांनी आजाराबरोबर त्यांच्या अंगातली ताकदही धुऊन काढलेली. तुमचीआमची साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतायची. पडून पडून कफ साचू नये म्हणून ही रोज प्रत्येकाकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायची: ओठांचा चंबू करा, हळूहळू हवा सोडा. पेशंटांनी तिचं नाव फुंकरताई ठेवलं होतं.

सात नंबरच्या टेलरकाकांना बुधवारी ताप भरला. गुरुवारी सकाळी रिपोर्ट आला: फ्लू. तासाभरानं हिचाही आला. तोच. मोठ्या सिस्टरांनी तिला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवलं आणि हा फॉर्म हातात दिला.

२. मास्क होता का? होय / नाही

होता की!

(मंगळवारी काय झालं ते आधी ऐका, मग खूण कुठे करायची ते ठरवा.)

"काका, ओठ असे करा."

"असे म्हणजे कसे? मला नुसतं फडकं दिसतंय."

"शिट्टी वाजवताना करतो तसे."

"अहो, मी पोरांना काजं करायला शिकवली, ती काय हात पाठीमागे लपवून? दाखवा तरी! आणि हा मास्क कुणी शिवलाय? नाकापाशी केवढा झोळ! माझ्या दुकानातून असा माल गेला असता, तर हिनं मलाच उसवलं असतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून काकू म्हणाल्या, "उसवून काय निघणार होतं? बडबडच!"

ती हसली. दोन पावलं मागे सरली, मास्क हनुवटीवर ओढला आणि फुंकर मारून दाखवली. काकांना कळलं नाही म्हणून पुन्हा एकदा. घसा सकाळपासून खवखवत होता, पण त्याचं खापर तिनं घरातल्या एसीवर फोडून टाकलं होतं.

काकांना जमलं. छाती मोकळी झाल्यागत त्यांनी मान डोलावली.

२. मास्क होता का?

पेन तिथेच.

"कर की खूण," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मी काय ओळखत नाही तुला? मास्कशिवाय तू आत पाऊल टाकत नाहीस."

"होय लिहिलं की पुढे काय?"

"पुढे काय, घरी जा, झोप. मास्क होता म्हणजे बाकीच्या आठांना धोका कमी. मग त्यांना फ्लूच्या गोळ्या नकोत. त्यांच्या पोटात आधीच औषधांचा कारखाना आहे. डॉक्टर फॉर्म बघूनच ठरवणार."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर आत्ताच सुरू करायच्या. ताप चढल्यावर देऊन काय फायदा?" सिस्टर थांबल्या. "का गं?"

होय लिहिणं खोटंही नव्हतं. मास्क होता, कानांना अडकवलेला, स्वच्छ, त्या दिवशीचा. खूण केली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आठ वर्षांचं नाव राहिलं असतं. तिनं पेन बाकावर ठेवलं.

"सिस्टर, फुंकर दाखवताना मी मास्क खाली घेते."

"काकांना दाखवताना?"

"ज्याला कळत नाही त्याला."

"मंगळवारी कुणाकुणाला?"

आणि इथे तिचं अडलं. आठवेना. चष्मा सारखा करावा तसा हात सवयीनं जायचा. कुठल्या खोलीत गेला, कुठल्या नाही, कोण लक्षात ठेवतं?

"तीनला नाही. बहुतेक. पाचला... पाचचं आठवत नाही."

"आठ वर्षं," सिस्टर हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आठ वर्षं मी नव्या पोरींना तुझं उदाहरण देतेय."

"बस इथंच. त्यांनाच विचारते."

नातेवाइकांशी बोलायला प्रत्येक खोलीत फोन होता, त्याचा दुसरा रिसीव्हर बाहेर बाकापाशी. सिस्टर एकेका खोलीत जाऊन तो उचलून धरू लागल्या. ही बाकावर रिसीव्हर कानाला लावून बसली.

तीन नंबर: "तोंड? छे! मी तिला चालीवरून ओळखतो."

पाच नंबर: "परवाच पाहिलं की. पुढच्या दातांत फट आहे. छान दिसते."

आठ नंबरच्या आजींनी आधी दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, तिला रागावणार नसाल तर सांगते. मला कळलं होतं हो व्यायामाचं. मुद्दाम वेड पांघरलं. चार महिन्यांत कुणाचं अख्खं तोंड पाहिलं नव्हतं मी."

हिनं रिसीव्हर कानापासून दूर धरला, पुन्हा कानाला लावला.

सिस्टर बाहेर आल्या. "पाच, आठ, नऊ. आणि सात." होय-नाहीचे दोन्ही रकाने तसेच सोडून तिनं खालच्या कोऱ्या जागेत सगळं लिहिलं. अर्ध्या तासात तिन्ही खोल्यांत गोळ्या गेल्या.

ती उठली, तेवढ्यात दार उघडून काकू आल्या. तिनं हात पुढे करून त्यांना लांबच थांबवलं.

"काकू, ताप माझ्याकडून आलाय. मंगळवारी मी मास्क—"

"मी तिथंच होते," काकू म्हणाल्या. "बघत होते. मला वाटलं, ही करतेय म्हणजे चालत असेल."

दोघींमध्ये पाच-सहा फरशा होत्या.

"आता श्वासाचं मशीन लावलंय त्यांना. बोलत नाहीत." काकूंनी पदर मुठीत धरला. "बरे झाले तर मी तुम्हाला चांगलं झापणार आहे. नाही झाले तर... ते मला आत्ता माहीत नाही. जा तुम्ही."

ती लिफ्टपाशी गेली. दार उघडलं, आत चार माणसं होती, एक जण तिच्यासाठी सरकलाही. तिनं मान हलवली आणि जिन्यानं खाली उतरू लागली.