खुर्चीशेजारची सतरंजी

मी सतरंजी बोलतेय. जन्म तुरुंगातला, पण त्यात माझा काही गुन्हा नाही. कैद्यांनी मला विणलं, इतकंच. चौऱ्याहत्तर साली नागपुरातल्या मुलींच्या एका आधारगृहाने मला विकत घेतलं आणि मोठ्या खोलीत अंथरलं. शेजारच्या छोट्या खोलीत वेताची खुर्ची होती. तिचा तोरा विचारू नका.

तिथे येणाऱ्या मुली चौदा-पंधरा वर्षांच्या. कुणाचं घरदार पुरात गेलेलं, कुणी डोळ्यांदेखत माणूस गमावलेलं. त्यांची मनं कशी सावरायची, यावर दोन मतं होती. गृहाचे मुकुंद डॉक्टर म्हणत, मुलीला एकटीला खुर्चीवर बसवा, घडलेलं तिच्याच तोंडून पुन्हा पुन्हा येऊ द्या, म्हणजे भीती झिजत जाते. मुलींना सांभाळणाऱ्या कुसुमताई म्हणत, काही विचारू नका. सगळ्यांना सतरंजीवर एकत्र गाऊ द्या, शिवू द्या, जीव रमला की पुढचं आपोआप होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकून मुली निम्म्या निम्म्या वाटल्या. कोणाच्या मुली अधिक सावरतात ते वर्षअखेर बघायचं, तोवर अदलाबदल नाही.

मी अर्थातच ताईंच्या बाजूची. पण खरं सांगते, खुर्चीवरच्या काही मुली रडून बाहेर यायच्या आणि निवांत झोपायच्या. आमच्यातल्या काही दिवसभर गायच्या आणि झोपेत किंचाळायच्या. याच्या उलटही व्हायचं.

कुही गावाकडची मनकर्णा आमच्या वाट्याला आली. स्टो भडकून तिची आई गेली, तेव्हापासून पोरीने तोंड उघडलं नव्हतं. दिवाळीपर्यंत बोलली नाही तर तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं, असं वरच्या मंडळींनी ठरवलं होतं. ती माझ्या कडेला बसून माझे दोरे उसवायची. मी उसवू दिले.

भुलाबाईचे, मुलींच्या गाण्यांच्या सणाचे, दिवस आले. गाणी झाली की झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि आत कोणती खिरापत आहे ते ओळखायचं. ताईंनी इथे चूक केली. प्रत्येकीने ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा नियम काढला. त्यांना वाटलं, खाऊच्या लोभाने तरी मनकर्णा बोलेल. मुली कावल्या. "बोल नं वं, तुझ्यापायी आम्ही काहून उपाशी राहायचं?" म्हणत आमच्यातल्याच सत्यवतीने डबा तिच्या कानाशी नेऊन हलवला. त्या दिवशी खीर होती. आत डुचमळलं.

"घासलेट," मनकर्णा म्हणाली.

सगळ्या हसल्या, ताईसुद्धा. मग ताईंनी तिचा चेहरा पाहिला आणि सत्यवतीच्या हातातला डबा काढून घेतला. मनकर्णा उठली, अदलाबदलीचा नियम धाब्यावर बसवून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि खुर्चीवर बसली. मला सगळं ऐकू आलं. किती तेल उरलंय ते बघायला तिने घासलेटचा डबा असाच हलवला होता आणि पेटत्या स्टोमध्ये ओतलं होतं. भडका उडाला. तिला बाजूला ढकलताना आई पेटली.

डॉक्टर म्हणाले, तुझा दोष नाही. रोज म्हणाले. ती मान हलवायची आणि परत माझ्यावर येऊन बसायची. सत्यवती काही न विचारता तिला खेटून बसे. इस्पितळ टळलं, पण घरी जायचं नाव काढलं की पोर पुन्हा माझे दोरे उसवायला बसायची. बापाला तोंड कसं दाखवू, हेच तिचं दुखणं होतं.

दिवाळीच्या तोंडावर तिचे वडील रामाजी न्यायला आले. खुर्ची दिली, तर "खालीच बरं" म्हणून माझ्यावर बसले. मनकर्णाने खाली बघत सांगून टाकलं, "बाबा, स्टो पेटला होता, तरी मीच घासलेट ओतलं."

रामाजी बराच वेळ माझी चुणी हाताने सारखी करत राहिले. "मले ठाऊक आहे वं पोरी," ते म्हणाले. "पन चहा मीच मांगतला होता. लवकर कर म्हणून मीच ओरडलो होतो."

बापलेक रडले. दारातून डॉक्टर आणि ताई बघत होते. ही मुलगी कोणाच्या उपायाने बरी झाली, यावर ते दोघं कधी भांडले नाहीत.

आता मी विरले आहे, कोठीत पडून असते, उन्हात गहू वाळवायच्या कामाची उरले आहे. कोणता उपाय चांगला, हे मलाही सांगता यायचं नाही. पण तुमच्या घरात अशी मुलगी असेल, तर तिचं ऐका आणि तुमच्या पोटात राहिलेलंही तिला सांगा. रामाजींनी सांगितलं, तेव्हा मनकर्णाने डोळे पुसले.

"चला बाबा," ती म्हणाली. "घरी चहा मीच करीन. तुम्ही फक्त जवळ बसा."