टोपातला ट्रस्ट

हॅलोवीन होऊन दोनच दिवस झाले होते, आणि कॅनडातल्या विंडसरच्या त्या गल्लीत सात वर्षांच्या रुथशी कोणी बोलेनासं झालं होतं.

रुथची आई सेलीन हवालदिल झाली. उन्हाळ्यात मिसिसागाहून इथं आल्यापासून लेकीला मित्र मिळावेत म्हणून तिनं काय नाही केलं! शेवटी शेजारचा अथर्व आणि समोरची शिवांगी अशी दोन रत्नं गवसली. आता शनिवारच्या वाढदिवसाला दोघंही यायला तयार नव्हती.

"अगं, तुझी लेक सावकार झालीय सावकार!" अथर्वची आई छाया कुंपणावरून हसत म्हणाली. "एका चॉकलेटपायी माझा पोरगा तिची सायकल पुसत बसला होता. तेही त्याचंच चॉकलेट!"

हॅलोवीनच्या रात्री घरोघर हिंडून मुलांनी गोळ्या-चॉकलेटं जमवली, तेव्हा सेलीननं तिघांच्याही पिशव्या नाताळच्या फराळाच्या मोठ्या टोपात रिकाम्या करून घेतल्या होत्या. एखादं वेष्टन फाटलेलं असलं तर? कशात शेंगदाणा निघाला नि कुणाला ॲलर्जी झाली तर? एकेक गोळी उजेडात धरून तपासली, टोप बेसमेंटमध्ये ठेवला आणि रुथला सांगितलं, "आता तू सगळ्यांना देत जा." रुथ देत होती. फक्त फुकट देत नव्हती.

सेलीन गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात होती. गिऱ्हाइकं डेट्रॉइटची, त्यामुळे मक्तेदारीविरोधी अमेरिकन कायद्याचा व्हिडिओ दरवर्षी बघावाच लागे. या वर्षीचा कालच बघून झाला होता. तिनं रुथला जवळ बसवलं.

"नदीपलीकडे अमेरिका आहे ना, तिथं फार पूर्वी एक तेलाचा शेठ होता."

"वॉज ही मीन?"

"गोड बोलायचा. पण दुसऱ्या कोणी तेल विकायला काढलं की हा त्याच्या गावात भाव पाडायचा. तो बुडाला की त्याला विकत घ्यायचा, नि भाव पुन्हा वर! रेल्वेकडूनही गुपचूप सवलत. शेवटी लोकांना तेल घ्यायला दुसरं दारच उरेना. मग अठराशे नव्वद साली सरकारनं कायदा केला."

"अँड ही स्टॉप्ड?"

"कुठलं! आधी त्या कायद्याला दातच नव्हते. कोर्टानं साखरवाल्यांना तर चक्क सोडून दिलं. मग हळूहळू दात आले, आणि तेलवाल्याच्या कंपनीचे चौतीस तुकडे झाले."

रुथनं आपल्या पडलेल्या दाताच्या जागेवरून जीभ फिरवली. "बिकॉज ही वॉज रिच?"

"नाही गं. श्रीमंत असणं हा गुन्हा नाही. पण दुसऱ्यालाही दुकान मांडता आलं पाहिजे, आणि घेणाऱ्याला चार ठिकाणी विचारता आलं पाहिजे."

रुथ विचारात पडली. "बट मम्मा, हू गेव्ह हिम एव्हरीबडीज ऑइल?"

"पुष्कळ मालकांनी आपल्या कंपन्यांचे हक्क मोजक्या विश्वस्तांच्या हातात दिले. त्याला म्हणायचे ट्रस्ट. सगळं एका जागी असलं की कसं नीट राहतं, लक्ष ठेवता येतं…" सेलीन थबकली.

"लाइक यू गेव्ह मी द टोप," रुथ शांतपणे म्हणाली.

सेलीननं टोप वर आणला. कुठली गोळी कुणाची, हे आता येशूलाच ठाऊक! तिनं तीन सारख्या पिशव्या भरल्या. पुन्हा एकदा तपासाव्यात म्हणून हात शिवशिवत होते. तिनं ते खिशात घातले आणि पिशव्या देऊन रुथला दोघांकडे पिटाळलं.

थोड्या वेळानं तिघंही बेसमेंटमध्ये उतरली. रुथच्या तान्हेपणीचा बेबी मॉनिटर सेलीननं या घरातही तिथं लावून ठेवला होता. त्यातून आधी रुथचं "सॉरी" आलं, मग नुसती खुसखुस. सेलीननं कान लावला, मग स्वतःचाच राग येऊन मॉनिटर बंद केला.

संध्याकाळी रुथ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मम्मा, तुला वाटतं ना, मी कमी कँडी खावी? वन कँडी नॉट ईटन, हाफ अवर टीव्ही."

"हा भाव कुणी ठरवला?"

"वी थ्री. अँड दे आर कमिंग सॅटर्डे."

तेवढ्यात छायाचा फोन. "सेलीन, अथर्व एका गोळीमागे अर्धा तास टीव्ही मागतोय! शिवांगीकडेही तेच. तुझ्याकडे?"

"एक पैसा इकडेतिकडे नाही." प्रतिस्पर्ध्यांनी संगनमतानं भाव ठरवणं हा गंभीर गुन्हा, असं व्हिडिओ बजावत होता. सेलीनला मात्र गल्लीभर पेढे वाटावेसे वाटत होते.

"मग आपणही तिघी मिळून दहा मिनिटांवर अडून बसू या का?" छायानं विचारलं.

"छायाताई," सेलीन आवाज खाली आणून म्हणाली, "भावाचं फोनवर नाही हं बोलायचं. चहाला या."