बाकाखालची तोटी

"बंद पडलं ना? पडणारच!" सुकाणू धरून बसलेला लॉर्न आनंदानेच ओरडला. "लोखंडावर विसंबतात ते खलाशीच नव्हेत."

 विल्डाने केबिनच्या पायऱ्या उचलून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्यामागच्या इंजिनासमोर गुडघे टेकले. ओहोटी होडीला खडकांकडे ओढत होती. वारा कुठला, शीड ओल्या चादरीसारखं लोंबत होतं.

लॉर्न निवृत्त झाला, त्याने घर विकून ही शिडाची होडी घेतली, आणि तेव्हापासून दोघं नवरा-बायको हिच्यातच राहत होती. इंजिनाला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. मग तेल बदलणं, पट्टा ताणणं, थंडीआधी त्याच्यातलं पाणी काढणं, सगळं विल्डाच्या गळ्यात पडलं. आधी तिला इंजिनाचा वैताग यायचा. पण ते मोजकंच मागायचं आणि मिळालं की मुकाट चालायचं. लॉर्नबद्दल एवढंही म्हणता येत नव्हतं. पितळ घासावं, वाऱ्यावर व्याख्यानं झोडावीत, आणि नोव्हा स्कोशियाच्या प्रत्येक धक्क्यावर आपल्या पराक्रमाच्या थापा माराव्यात, एवढाच त्याचा खलाशीपणा. आज तर लॉबस्टरच्या जेवणाला सगळं गाव धक्क्यावर लोटलं होतं.

तिने गाळणीचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला. डिझेल येईना. टाकी तर सकाळीच भरली होती.

ती वर आली. "ऊठ."

"आत्ता? मी सुकाणूवर—"

"ऊठ म्हणते ना!"

तो उठला. तिने बाकाचं झाकण उघडलं. डिझेलची तोटी घट्ट बंद होती. तोट्या आपोआप फिरत नाहीत.

"लोक बघत होते गं," लॉर्न पुटपुटला. "म्हटलं, शिडावरच आत नेऊ."

"खडकही होते."

तोटी उघडून ती पुन्हा खाली उतरली. बुडबुडे फसफसले, मग सलग डिझेल हातावर आलं. तिने स्क्रू आवळला, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. खडकांवरचं शेवाळ दिसू लागलं होतं, तेवढ्यात लॉर्नने सुकाणू वळवलं.

धक्क्यावर पाऊल ठेवताच त्याचं सुरू झालं. "शिडावरच आणत होतो, रॉली! ही घाबरली आणि इंजिन लावून बसली."

मासेमार रॉली हसला. "खरं का गं, विल्डा?"

"खरंय," ती म्हणाली. "म्हणून आता होडी त्यालाच नेऊ दे. मी आजपासून ब्रिजवॉटरला, बहिणीकडे राहणार. जेवण झालं की सोडशील मला गाडीने?"

रॉलीचं हसू मावळलं. त्याने होकाराची मान हलवली.

लॉर्न तिच्यामागे चार पावलं आला. मग आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये असा म्हणाला, "अगं, पण ते चालू कसं करायचं?"

ती थांबली नाही. जेवणाच्या मंडपातल्या नळावर तिने हात धुतले. नखांतली काळी ओळ निघाली नाही. तशाच हातांनी तिने ताट घेतलं, सगळ्यांच्या मधोमध बसली आणि लॉबस्टरची नांगी सावकाश फोडू लागली.