झेंडूचं तोरण

सुवर्णाने माउस बाजूला ठेवला आणि कीबोर्ड कुंदनच्या हाताखाली सरकवला.

“कुठे अडलं, ते दाखवा.”

अंधांसाठीच्या टेलिफोन ऑपरेटर कोर्सची मुदत काल पाच वाजता संपली होती. अर्ज यंदापासून फक्त वेबसाइटवर, आणि उमेदवाराने तो स्वतः भरायचा. पुढच्या वर्षी कुंदनचं वय बसणार नव्हतं. सायखेड्याहून तो आईला, नवसाबाईला, घेऊन आला होता. यादी कालच मुंबईला गेल्याचं सांगून कोर्सच्या ऑफिसने दोघांना वेबसाइट बनवणाऱ्या सुवर्णाकडे पाठवलं होतं.

कुंदनने पानावर एकेक जागा पुढे नेणारी टॅबची कळ दाबली. स्पीकरमधून यांत्रिक आवाज आला, ‘मॅरिगोल्ड.’ जरा थांबून पुन्हा, ‘मॅरिगोल्ड.’

पानाच्या माथ्यावर एकेक करून उमलणारं झेंडूचं तोरण. ज्याला दिसत नाही त्यालाही ते कळावं म्हणून, कोणी सांगितलं नसताना, सुवर्णाने प्रत्येक फुलाला नाव दिलं होतं. हेडफोन लावून तपासलंही होतं. सगळी नावं स्वच्छ ऐकू आली होती. मग तिने माउसने खालचा अर्ज उघडला होता.

शेवटचं फूल उमललं. तोरण मिटलं आणि पहिल्यापासून सुरू झालं. खालच्या अर्जापर्यंत न पोचताच आवाजही पहिल्या फुलावर परत आला.

‘मॅरिगोल्ड.’

“हे असंच चालतं,” कुंदन म्हणाला. “जुन्या शाळेत एकच कॉम्प्युटर हाय. काल साडेतीनला नंबर लागला.”

“कुणाला विचारलं नाहीत?”

“स्वतः भरायचा म्हणून लिहिलं होतं ना. अन् घरी आम्ही माळाच ओवतो, मॅडम. म्हटलं, मोठी असंल. कितीबी मोठी असली तरी शेवटाला गाठ लागतीच हाताला.”

“याला लय धीर,” नवसाबाई म्हणाली. “भाकरी थंड झाली तरी माळ सोडायचा नाय.”

“बाराशेपर्यंत मोजली. मग पाच वाजले.” त्याने मान सुवर्णाच्या दिशेने वळवली. “किती राहिली होती ओ?”

सुवर्णाची नजर पडद्यावरच्या तोरणाकडे गेली.

नवसाबाई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आली. तिचं बोट काचेवरून एकेका फुलावर सरकत गेलं, ओठ हलले. अकराव्या फुलावर बोट थांबलं. तोरण मिटलं. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग वळून सुवर्णाकडे पाहिलं.

सुवर्णाने नजर खाली घातली.

नवसाबाईने लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

“लय होती रे बाबा,” ती म्हणाली. “पाचच्या आत झालीच नसती.”

कुंदनने मान डोलावली. त्याचं बोट अजून कळेवरच होतं.