चुन्याखाली झाकलेला नंबर

साहेब, तुम्ही कण्हेरीच्या फुलांना उजेड दिला आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसांना अंधारात ठेवलं. तुमचं नाव मला ठाऊक नाही. कागदावर सही तुमची आहे, एवढं पुरे.

मित्रांनो, मी एक जुना कडुलिंब आहे. हिंगोलीहून वाशिमकडे जाताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडे उभा आहे. मला रामजीनं लावलं. तो तेव्हा या रस्त्यावर मैलकुली होता. खड्डे बुजवायचा, कडेचं गवत काढायचा. त्याची बायको भागूबाई डोक्यावरून घागर आणून मला पाणी घालायची. शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून दोघांनी माझ्याभोवती बोराटीचे काटे रचले.

मी मोठा झालो. दरवर्षी दसऱ्याआधी रामजी माझ्या बुंध्याला चुना फासायचा, मधोमध गेरूचा पट्टा ओढायचा. गाडीच्या उजेडात तो लांबूनच दिसायचा. ड्रायव्हरला कळायचं, इथं माणसं रस्ता ओलांडतात. रामजीची नोकरी सरली, पण चुन्याची बादली सुटली नाही.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. मधे दुभाजकात फुलझाडं, कडेला दिवे. नकाशा घेऊन साहेब माझ्याच सावलीत उभे राहिले.

“साहेब, आमी हितूनच शेताला जातो. दिवा हितं पायजे,” भागूबाई म्हणाली.

“दिवा इथंच आहे, बाई. पण हे झाड जाईल.”

“काहून? खांब दहा पावलं सरकवा की.”

साहेब हसले. “खांबाला पाय असतात का?”

“न्हाईत. पन तुमी त्यो आजून रोवलाच कुटं?”

जमलेले लोक हसले. साहेबांनी नकाशा गुंडाळला.

पुढे तोडायच्या झाडांवर पिवळ्या रंगानं नंबर पडले. माझा सत्तेचाळीस. दसरा जवळ आला. रामजीची नजर अधू झालेली. “कोन्या पोरानं खरडून ठेवलं,” असं पुटपुटत त्यानं नेहमीसारखा चुना फासला. नंबर झाकला गेला. तोडणारे नंबर बघत आले, झाडं पाडत गेले आणि मला सोडून गेले.

“अवो, तुमचं आंधळेपन कामाला आलं बगा!” भागूबाई म्हणाली आणि माझ्या बुंध्यावर थाप मारली.

मग खांब रोवणारे आले. त्यांच्या खुणेवर माझ्या फांद्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, कागद पाहिला, तो खांब गाळला आणि पुढं निघून गेले.

आता दोन्हीकडे दिवे, मधे माझ्यापाशी काळोख. दुभाजकातल्या कण्हेरीला टँकरचं पाणी आणि खालून रंगीत उजेड. कण्हेर छातीएवढी झाली. झगमगाटातून येणाऱ्या ड्रायव्हरला माझा पट्टा दिसेना, कण्हेरीआडचं माणूसही दिसेना.

माघात, दिवस मावळल्यावर, भागूबाई हळद काढून परत येत होती. कण्हेरीच्या फटीतून तिनं पाऊल टाकलं. ब्रेक लागला, पण उशिरा. तिच्या पदरात बांधलेली ओली हळद माझ्या मुळांपर्यंत घरंगळत आली. भागूबाई उठली नाही.

गावानं जाब विचारला. उत्तर आलं: ‘झाडाच्या अडथळ्यामुळे दिवा बसविता आला नाही.’ नात करुणानं ते आजोबांना वाचून दाखवलं. “पुन्हा वाच,” रामजी म्हणाला. तिनं तीनदा वाचलं.

यंदा दसऱ्याआधी तो बादली घेऊन आला. माझ्या बुंध्यावर नुसता हात फिरवत बसला. “म्या त्यो नंबर झाकला नसता तर दिवा आला असता,” तो म्हणाला. “तुला राखलं आन् तिला घालवलं.” चुना बादलीतच वाळला.

मित्रांनो, झाडं जपा, एवढं सांगून मी गप्प बसणार नाही. झाड हवं की दिवा, असं कुणी विचारलं तर आधी विचारणाऱ्याकडे नीट बघा. दोन्ही मागा.

आणि साहेब, नाक्यावरच्या कमानीचा फोटो नीट यावा म्हणून तिथले दोन खांब तुम्ही सरकवलेत. तुमचीच माणसं माझ्याखाली चहा पिताना बोलत होती. मग इथला एक खांब दहा पावलं का सरकला नाही? मला सांगू नका. रोज संध्याकाळी माझ्या बुंध्याशी येऊन बसतो, त्या रामजीला उत्तर द्या.