गळ्याची शपथ

बायडाबाईला सुनेचा संशय आला तो दुधावरून. म्हशीवाल्या घरात दूध जातं डेअरीला. माणसांना चहापुरतं उरलं तरी नशीब. आणि ही वर्षाराणी दोन दिवस झाले सासूपुढं तांब्याभर दूध आणून ठेवत होती, वर शेवटच्या घोटापर्यंत उभं राहून बघत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, इतके दिवस ही माया कुठं दडून बसली होती कुणास ठाऊक!

दुधापाठोपाठ शेणाची पाटी हातातून गेली. उचलू नका आत्ती. वैरण कापू नका. उन्हात बसू नका. दुसऱ्याच दुपारी तर कहर झाला. बायडाबाईचा जरा डोळा लागला होता, तर सूनबाई नाकापुढं बोट धरून श्वास बघून गेली.

बायडाबाई काय दूधखुळी नव्हती. ती सुनेच्या मागावर राहिली. गोठ्याच्या मागं फोन चालला होता, आवाज दाबून. "अजून तरी काय झालं न्हाई," वर्षाराणी म्हणत होती, "मी लक्ष ठेवून हाय की." सासू दिसताच तिनं फोन पाठीमागं लपवला आणि माहेरचा होता म्हणून सांगितलं. माहेरचा! माहेरच्यांशी बोलताना ही सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी बोलायची.

बायडाबाईचा एकुलता लेक उदयसिंह पलटणीत, आणि पलटण शांतिसेनेत काँगोला गेलेली. म्हशींना लाळ्या-खुरकूतची सुई टोचायला डेअरीचा जोतीराम यायचा, त्यानंच सांगितलं होतं की काँगोत इबोला उठलाय. ताप येतो, रक्त जातं, आणि माणूस मेला तर लांबूनच पुरतात, घरच्यांना तोंडसुद्धा दाखवत नाहीत. म्हशीला टोचता टोचता हा बाबा बोलून गेला आणि तेव्हापासून ही फोन उशाशी घेऊन झोपायची.

त्यात दोन दिवस उदयचा तिला फोन नाही. आणि पुढ्यात दूध. तिचा नवरा हंबीरराव दवाखान्यात वारला, तेव्हा भावकीनं आधी तिला बळंबळं अर्धी भाकरी चारली होती आणि मग सांगितलं होतं. वाईट बातमी रिकाम्या पोटी देत नाहीत. हे दूध त्याच जातीचं आहे, तिनं ओळखलं.

मंगळवारी सून म्हणाली, चला, कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊन येऊ. बायडाबाई मुकाट गेली. ओटी भरली, लेकाचं नाव घेतलं. पण देवळाजवळून धरलेली रिक्षा स्टँडकडं न जाता भलतीकडं वळली आणि एका हृदयाच्या दवाखान्यासमोर थांबली. नुसता ईसीजी काढायचा, सून म्हणाली.

झालं. बाईनं पायरीवरच बसकण मारली. "पोरगं हाय का गेलं, एवढं सांग," ती म्हणाली. "माझं काळीज मग तपासा."

वर्षाराणीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं तिथंच व्हिडिओ कॉल लावला.

आणि उदय दिसला. दाढी वाढलेला, तंबूत एकटा, पण जिवंत. बायडाबाईचा विश्वास बसेना. तिनं त्याला पापणी ओढून दाखवायला लावली, जीभ काढायला लावली. विकत घ्यायची म्हैससुद्धा ती इतकी पारखत नसेल.

"ताप हाय?"

"न्हाई. पण आई, मी सुई टोचून घेतली."

आता ही सुईची भानगड सांगायला पाहिजे. करोनाची सुई घेतल्यावर महिन्याभरात हंबीरराव गेला. त्याचा नि सुईचा संबंध नाही, हृदय आधीच थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. बायडाबाईनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. म्हशींना सुई चालायची तिला, माणसाला नाही. काँगोला निघताना तिनं लेकाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शपथ घातली होती, पलटणीनं टोचल्या तेवढ्या बास, फुडं एकबी न्हाई. आणि गळ्याची शपथ मोडली की ज्याचा गळा तो मरतो, हे कुणी सांगायला नको.

उदय सांगत गेला. छावणीतला दुभाषा तापानं फणफणला, त्याला यानंच उचलून गाडीत घातलं. मागून कळलं, इबोला. मग त्याला ज्यांनी ज्यांनी हात लावला, आणि त्यांच्याजवळ जे जे राहिले, रोग बाहेर पडू नये म्हणून त्या सगळ्यांचं कडं करून टोचायला लस आली. हेलिकॉप्टरनं आली, डेअरीच्या कृत्रिम रेतनाच्या डब्यागत गारठवलेल्या डब्यातनं. सक्ती नव्हती.

बायडाबाईला त्यात काळंबेरं दिसतच होतं. आधी कुणावर टोचून बघितलीय, तिनं विचारलं. आफ्रिकेतल्याच माणसांवर, तो म्हणाला. मागच्या साथीत त्यांनी भीत भीत दंड पुढं केले, म्हणून ती खरी ठरली आणि आज आमच्यापर्यंत आली.

"माझा नंबर आला तवा तुझा गळा दिसला," उदय म्हणाला. "तरी दंड फुडं केला. आन् मग वर्षाला फोन लावला, आईवर नजर ठेव म्हणून."

म्हणजे मरणाच्या दारात बसलेला हा गडी तिकडून आईच्या जिवाला घाबरत होता आणि त्याच्या सांगण्यावरून सून इकडं दूध पाजत होती, ईसीजीला आणत होती! बायडाबाईला हसावं का रडावं कळेना, आधी रागच आला दोघांचा. उदयला अजून तीन आठवडे बाजूला ठेवणार होते. लस लागू पडायच्या आत रोग शिरला असेल तर सांगता येत नाही, हेही त्यानं लपवलं नाही.

"सुटली," बायडाबाई म्हणाली. घालणाऱ्यानं सुटली म्हटलं की शपथ सुटते. तिनं गळ्याला हात लावून पुन्हा म्हटलं, "सुटली. ऐकलंस न्हवं?"

उदयनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"आधी एक फोन करायचास की," ती म्हणाली. "तवाच सोडली असती."

"सोडली असतीस?" त्यानं परत तोंड वळवून विचारलं.

व्हय तिच्या ओठावर आलं होतं. तिनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि ते तिथंच राहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई सोडली असती."

"म्हणूनच न्हाई केला."

बायडाबाईनं फोन सुनेच्या हातात दिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ईसीजी कितव्या मजल्यावर काढतात ते तिनं सुनेला विचारलं.